स्पीड टेस्ट ठीक, तरी रात्री कॉल अडकतो: राउटर टर्मिनलमधून कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, छोटा ओएनटी (फायबर घरात जिथे संपते तो प्रोव्हायडरचा डबा) आणि त्याला जोडलेला, ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली) टाकलेला राउटर. कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे राउटर नाव-पासवर्ड देऊन प्रोव्हायडरकडे सत्र उघडतो. दिवसभर तक्रार नाही. रात्री नऊ-साडेनऊनंतर व्हिडिओ कॉल अडकतो, आवाज तुटतो, पानं उघडायला वेळ लागतो. त्याच वेळी केलेली स्पीड टेस्ट मात्र ९०च्या वर दाखवते. राउटर बंद-चालू केला की पंधरा-वीस मिनिटं बरं चालतं. एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात टर्मिनलमधून शिरायची सोय) राउटरमध्ये शिरता येतं, पण आत नेमकं काय बघायचं, आणि नवा राउटर घ्यावा का?

नवा राउटर आत्ता घेऊ नका. तुमची अडचण स्पीडची नाही, उशिराची आहे. एका सेकंदात किती डेटा जातो हे स्पीड टेस्ट सांगते. एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला किती वेळ लागला, हा वेगळा हिशेब. व्हिडिओ कॉलला २-३ एमबीपीएस पुरतात, पण पॅकेट ३०० मिलिसेकंद उशिरा आलं की आवाज तुटतो. म्हणून शोधायचं ते एवढंच: उशीर कुठल्या टप्प्यात लागतो आणि त्या क्षणी लाइनवर काय चाललेलं असतं. हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली तपासणी राउटरमध्ये न शिरताच, लॅपटॉपवरून करायची. तीन खिडक्या उघडा आणि तिन्हींत पिंग (एखाद्या पत्त्याला छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागलेला वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. पहिल्यात राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. दुसऱ्यात प्रोव्हायडरचा पहिला टप्पा, म्हणजे वाटेतला त्यांचा पहिला राउटर. तो सापडण्यासाठी विंडोजवर 'ट्रेसर्ट -डी १.१.१.१' आणि लिनक्स-मॅकवर 'ट्रेसराउट -एन १.१.१.१' चालवा. यादीत पहिली ओळ तुमचा राउटर असेल, दुसरी ओळ आपल्याला हवी असलेला पत्ता. तिसऱ्या खिडकीत थेट १.१.१.१, म्हणजे इंटरनेटवरचा क्लाउडफ्लेअर कंपनीचा सर्व्हर. विंडोजवर पिंग सतत चालायला '-टी' लावावं लागतं, नाहीतर चार पॅकेटं पाठवून थांबतं. लिनक्सवर '-टी' लावू नका, तिथे त्याचा अर्थ टीटीएल (पॅकेटने किती टप्पे ओलांडायचे ती मर्यादा) असा होतो. तिथे पिंग आपोआप चालूच राहतं. लिनक्सवर मोठा '-डी' लावला तर प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का मिळतो, तो नंतर फार उपयोगी पडतो.

दुसऱ्या ओळीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर घाबरू नका. प्रोव्हायडर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यासाठी राखून ठेवलेली ती मालिका आहे. बाहेरून घरच्या कॅमेऱ्यात शिरायचं असेल तर अडचण येते, पण कॉल अडकण्याशी त्याचा संबंध नाही. तो टप्पा पिंगला उत्तरच देत नसेल तर यादीतला पुढचा घ्या.

आता रात्री त्रास सुरू झाला की तिन्ही खिडक्या एकत्र बघा. राउटरपर्यंतची पहिली खिडकी केबलने १ मिलिसेकंदाच्या आत असायला हवी; चांगल्या वायफायवर २ ते ५, मधूनच १५-२०. तिथेच आकडा १००-२०० वर उडत असेल तर दोष घरातला, म्हणजे वायफाय किंवा खुद्द राउटर, आणि प्रोव्हायडरला फोन करून काही मिळणार नाही. पहिली खिडकी शांत आणि दुसरी उसळत असेल तर भानगड राउटर ते प्रोव्हायडर या टप्प्यात. पहिल्या दोन्ही शांत आणि फक्त तिसरी बिघडलेली असेल तर ती पुढची गोष्ट, तुमच्या हातात नाही.

ही मोजणी फोनवरून करू नका. फोनचा वायफाय वीज वाचवायला अधूनमधून झोपतो आणि राउटरच्या बीकनला जागा होतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो, त्यामुळे रिकाम्या बसलेल्या फोनवर निरोगी नेटवर्कमध्येही १००-२०० चे आकडे दिसतात. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपचंही कधी कधी तसंच होतं. चार्जर लावा आणि शक्य असेल तर एकदा तरी केबलने मोजा.

ट्रेसराउट वाचताना एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे दिसतात किंवा ४० टक्के पॅकेटं हरवलेली दिसतात, आणि लोक तिथेच बोट ठेवतात. मोठे राउटर इतरांची पॅकेटं हार्डवेअरने पुढे ढकलतात, पण ट्रेसराउटला उत्तर देण्याचं काम त्यांच्या प्रोसेसरकडे असतं, आणि त्या कामावर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. मधला टप्पा उत्तर देत नाही म्हणजे तो पॅकेटं पाडतो असं नाही. हरवणं खरं कधी मानायचं? ते एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटच्या टप्प्यापर्यंत तसंच राहिलं तर. यासाठी 'एमटीआर -आर -डब्ल्यू -एन -सी ३०० १.१.१.१' चालवा, पिंग आणि ट्रेसराउट एकत्र करणारी ही आज्ञा पाच मिनिटांत ३०० फेऱ्यांचा तक्ता देते. विंडोजवर त्याच्या जवळ जाणारी आज्ञा 'पाथपिंग' आहे, तिला काही मिनिटं लागतात, मधेच बंद करू नका.

तुमची लक्षणं बघता मला दुसऱ्या खिडकीचा संशय जास्त आहे, आणि तिथेही लाइन खराब असण्यापेक्षा लाइन भरलेली असण्याचा. रात्री सगळे घरी येतात, फोन घरच्या वायफायला लागतात, चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला सुरुवात करतात. क्लाउडवर चित्रण पाठवणारा कॅमेरा असेल तर तोही त्यात. अपलोड तुडुंब भरलं की पॅकेटं राउटरच्या किंवा ओएनटीच्या बफरमध्ये (पॅकेटं थांबवून ठेवायची मेमरी) रांग लावतात. बफर मोठा असेल तर पॅकेट पडत नाही, पण रांगेत तिष्ठत राहतं. कॉलचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं. याला बफरब्लोट म्हणतात. राउटर बंद केला की अपलोड तुटतं, थोड्या वेळाने परत सुरू होतं. म्हणून तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं बरं वाटत असावं. हा अंदाज आहे. तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती मिळतं ते प्रश्नात नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे: डाउनलोड १०० आणि अपलोड २० असेल तर एकच फोन लाइन भरून टाकतो, दोन्हीकडे १०० असेल तर त्याला जास्त वेळ आणि जास्त फोन लागतात.

अंदाज तपासायला रात्रीची वाट बघायची गरज नाही. दुपारी, घरात दुसरं काही चालू नसताना, दुसऱ्या खिडकीतलं पिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपवरून एक-दोन जीबीची फाइल ड्राइव्हवर चढवा. आकडे असे दिसले समजा: ४.१, ३.९, ४.४, ४.०, मग अपलोड सुरू झाल्यावर ३८, १४०, ३१२, ३३५, ३२८, आणि अपलोड थांबवताच पुन्हा ४.२. हे सरळ बफरब्लोट. वाढ २०-३० मिलिसेकंदांच्या आत राहिली तर ते कारण नाही, पुढे शोधा. स्पीड टेस्टमध्ये हे का दिसत नाही, तर ती स्वतःच लाइन भरून मोजते. रांग लांब असली तरी एकूण डेटा पूर्ण वेगानेच जात असतो.

आता राउटरच्या आत. 'एसएसएच रूट@१९२.१६८.१.१' ने शिरा. आधी 'अपटाइम'. राउटर किती वेळ चालू आहे ते बघा. तुम्ही बंद न करता तो दोन तासांपूर्वीच सुरू झालेला दिसला तर तो आपोआप रीबूट होतोय, आणि मग पहिला संशय अॅडॉप्टरवर किंवा लाईट जाण्या-येण्यावर. इन्व्हर्टरवर बदल होताना अर्ध्या क्षणाचा खंडही काही राउटरांना पुरतो.

मग 'लॉगरीड'. इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. लॉग रॅममध्ये असतो, म्हणजे राउटर बंद केला की पुरावा पुसला जातो. तुम्ही रोज रात्री बंद-चालू करताय, म्हणून आजवर हाती काही लागलं नसेल. आज त्रास झाला की आधी लॉग वाचा, लॅपटॉपवर कॉपी करा, मग हवं तर बंद करा. दुसरं, बऱ्याच राउटरांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत लॉगमधल्या तारखा जुन्या दिसतात. मध्येच तारीख उडी मारते ती याच कारणाने. ती उडी म्हणजे रीबूटची खूणच समजा.

लॉगमध्ये पीपीपी शब्दाच्या ओळी शोधा: 'लॉगरीड | ग्रेप पीपीपी'. तिथे 'नो रिस्पॉन्स टू एको-रिक्वेस्ट्स' अशा अर्थाची ओळ असेल तर पलीकडून उत्तर येणं थांबलं, मधली लाइन मुकी झाली. 'टर्मिनेटेड बाय पीअर' असेल तर प्रोव्हायडरच्या बाजूने सत्र बंद केलं गेलं. दोन्हींची परिणती एकच, कनेक्शन तुटतं, पण दुरुस्ती वेगळी: पहिल्यात ओएनटी, फायबर, केबल तपासायची, दुसऱ्यात प्रोव्हायडरकडे खात्याची चौकशी करायची. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान अशी एकही ओळ नसेल तर कनेक्शन तुटत नाही, फक्त मंदावतं, आणि बफरब्लोटचा संशय बळावतो.

केबलचं भांडणही इथेच मिटवा. 'आयपी -एस लिंक शो वॅन' चालवा (तुमच्या राउटरवर ओएनटीकडे जाणाऱ्या वॅन पोर्टचं नाव ईटीएच०.२ वगैरे वेगळं असू शकतं, नुसतं 'आयपी लिंक' केलं की नावं दिसतात). एरर्स आणि ड्रॉप्ड या खान्यांतले एकूण आकडे बघून निष्कर्ष काढू नका, राउटर सुरू झाल्यापासूनची ती बेरीज आहे. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा चालवा आणि फरक बघा. एरर्स वाढत असतील तर ओएनटी आणि राउटरमधली पॅच केबल बदला, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

त्याच पोर्टचा वेग 'ईथटूल वॅन' ने दिसतो. ते नसेल तर 'कॅट /सिस/क्लास/नेट/वॅन/स्पीड'. गिगाबिट पोर्ट असून आकडा १०० दिसत असेल तर केबलमधली एखादी जोडी तुटलेली किंवा कनेक्टरमध्ये नीट दाबलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. तुमचा प्लॅन १००चा असल्याने हे आत्ता खुपणार नाही, पण २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊन स्पीड टेस्ट काही केल्या ९४ च्या पुढे जात नाही अशी तक्रार असलेल्यांनी हाच आकडा आधी बघावा. १०० च्या पोर्टवरून प्रत्यक्ष डेटा साधारण ९४ च मिळतो.

लाइन खरंच भरली आहे का, हे त्रासाच्या वेळी मोजायचं. 'कॅट /प्रोक/नेट/डेव्ह' मध्ये पीपीपीओई-वॅन च्या ओळीत ट्रान्समिटखालचा पहिला आकडा म्हणजे पाठवलेले बाइट. तो लिहून घ्या, दहा सेकंदांनी परत बघा. फरकाला ८ ने गुणा आणि १० ने भागा. फरक २,५०,००,००० आला तर दर सेकंदाला २ कोटी बिट, म्हणजे २० एमबीपीएस अपलोड. तुमचं अपलोड २० च असेल तर ती लाइन काठोकाठ भरलेली आहे. कोण भरतंय हे बघायला 'आयएफटॉप' हे छोटं पॅकेज टाका आणि 'आयएफटॉप -आय बीआर-लॅन' चालवा. घरातल्या कुठल्या पत्त्यावरून किती जातंय ते हलत्या तक्त्यात दिसतं. पत्ता कोणाचा ते 'कॅट /टीएमपी/डीएचसीपी.लीजेस' मध्ये सापडेल.

याच वेळी 'टॉप' वरही नजर टाका. त्यात वरच्या सीपीयू ओळीत एसआयआरक्यू असा खाना असतो. पॅकेटं हाताळण्यात प्रोसेसरचा किती वेळ जातो ते तो सांगतो. तो ९० च्या पुढे आणि आयडल शून्याजवळ असेल तर राउटरच धापा टाकतोय. मेमरीसाठी 'फ्री' बघताना फ्रीच्या खान्यातला छोटा आकडा बघून दचकू नका. लिनक्स रिकामी मेमरी कॅशसाठी वापरतो, अव्हेलेबल हा खाना खरा. कनेक्शनांची संख्या '/प्रोक/सिस/नेट/नेटफिल्टर/एनएफ_कॉनट्रॅक_काउंट' मध्ये आणि मर्यादा शेजारच्या मॅक्स फाइलमध्ये. दोन्ही जवळ आले असतील, किंवा 'डीमेसेज' मध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' दिसलं, तर घरातलं एखादं उपकरण हजारो कनेक्शनं उघडतंय. यातही रीबूटनंतर थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून हे नक्की वगळा.

पहिली खिडकी उसळत असेल तर वायफाय. 'आयडब्ल्यूइन्फो' ने इंटरफेसचं नाव काढा, जुन्या आवृत्तीत डब्ल्यूलॅन०, नव्यात पीएचवाय०-एपी०. मग 'आयडब्ल्यूइन्फो डब्ल्यूलॅन० असोकलिस्ट'. प्रत्येक उपकरणासमोर सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ७५ ला डळमळतो, उणे ८० ला भरवसा नाही. सिग्नल चांगला असूनही उशीर असेल तर गर्दी बघा: 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सर्व्हे डंप' मध्ये चालू चॅनलचा अॅक्टिव्ह टाइम आणि बिझी टाइम मिळतो. इथेही दोन वाचनांमधला फरक घ्या. बिझी हा अॅक्टिव्हच्या निम्म्याच्या वर जात असेल तर चॅनलवर गर्दी आहे. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढणारे, त्यातला कमी गर्दीचा घ्या आणि रुंदी २० वरच ठेवा. कॉलचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेता आला तर त्याहून बरं.

'पानं उघडायला वेळ' या तक्रारीसाठी दोन छोट्या चाचण्या वेगळ्या करा. 'एनएसलुकअप' ने एखादं नाव आधी राउटरला विचारा, मग १.१.१.१ ला. राउटर अडखळतो आणि दुसरा लगेच सांगतो, तर राउटरला मिळालेला डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) बदला. दुसरी चाचणी पॅकेटच्या आकाराची. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात, आणि पिंगचे हेडर वजा जाता १४६४. लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१', यातला एम मोठा. विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१'. १४६४ गेलं आणि १४६५ अडलं तर सगळं जसं असायला हवं तसं आहे. १४६४ ही अडलं तर काही साइट नुसत्या फिरत राहतात आणि बाकीच्या चालतात. मग फायरवॉलमध्ये वॅन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचा आकार लाइनला बसेल एवढा ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा.

इथवर आलात आणि बफरब्लोटच निघालं, तर उपाय एसक्यूएम, म्हणजे पॅकेटांची रांग राउटरनेच शिस्तीत लावायची सोय. 'लूसी-अॅप-एसक्यूएम' पॅकेज टाका, इंटरफेस पीपीपीओई-वॅन निवडा, रांगेची पद्धत केक ठेवा. वेगाचे आकडे प्लॅनच्या जाहिरातीतले घालू नका. रात्रीच्या गर्दीत केबलने मोजलेल्या डाउनलोड आणि अपलोडच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करा. आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी असला तरच रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि केक तिला वळण लावू शकतो. जास्त ठेवलात तर रांग पुन्हा ओएनटीत जाते आणि सगळं मुसळ केरात. फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं जवळच्या वाटेने पटकन पुढे ढकलणारी सोय) चालू असेल तर बंद करा, कारण त्या वाटेने जाणारी पॅकेटं केकला टाळून निघून जातात. नंतर पुन्हा तीच फाइल चढवून पिंग बघा. ३०० च्या जागी १०-१५ दिसायला लागले की अपलोडचा आकडा थोडा थोडा वाढवत न्या, उशीर चढायला लागला की एक पायरी मागे. 'टीसी -एस क्यूडिस्क शो डेव्ह पीपीपीओई-वॅन' मध्ये काही ड्रॉप्स दिसतील, ते दिसायलाच हवेत. पाठवणाऱ्याला वेग कमी करायला सांगण्याची ती पद्धत आहे. एसक्यूएम प्रोसेसर खातं, म्हणून चालू केल्यावर पुन्हा 'टॉप' मधला एसआयआरक्यू बघा. तिथे तो शंभराला टेकला आणि डाउनलोड खाली आलं, तर नव्या राउटरचा विचार करायला खरं कारण मिळालं.

आणि अपलोड रिकामं असतानाही दुसरी खिडकी उसळत असेल तर प्रोव्हायडरकडे जा, पण 'नेट स्लो आहे' असं म्हणून नाही. ओएनटीच्या पानावर प्रकाशाची मिळणारी पातळी दिसत असेल तर ती लिहून घ्या. घरगुती जीपॉनमध्ये (घराघरात येणाऱ्या फायबरची एक पद्धत) उणे २७ डीबीएमच्या पलीकडे गेली तर सिग्नल अपुरा, आणि कपाटामागे फायबर दुमडलेली नाही ना हे त्याआधी तुम्हीच बघा. तीन रात्रींचे वेळेच्या शिक्क्यासह पिंगचे आकडे, केबलने केलेली मोजणी, त्या वेळी अपलोड रिकामं असल्याची नोंद आणि एमटीआरचा तक्ता एका मेलमध्ये पाठवा. त्यात एक ओळ अशी असू द्या: 'केबलने राउटरपर्यंत १ मिलिसेकंद, तुमच्या पहिल्या टप्प्यापर्यंत दुपारी ४ मिलिसेकंद आणि रात्री साडेनऊला १८०, माझी लाइन तेव्हा रिकामी होती.' अशी तक्रार 'राउटर रीस्टार्ट करा' या उत्तरावर बंद करता येत नाही.